तार

नगरपालिकेने खांब रोवला त्या दिवशी
आम्हा सगळ्यांना संत्र्याचं सरबत मिळालं.
टोकाला सायरन, पायथ्याशी लोखंडी पेटी,
पेटीला कुलूप, आणि किल्ली
चाळीस किलोमीटरवरच्या कचेरीत, कुणाच्या तरी खणात.
"आता निश्चिंत राहा," साहेब म्हणाले.
आम्ही राहिलो.

चिलीच्या नकाशात आमची खाडी म्हणजे माशी बसल्याएवढा ठिपका.
तिथे एदुविहेस कालवं विकायची, गुडघ्यांनी अधू,
आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दारोदार हिंडायची:
"टेकडी चढा. समुद्र चौदा मिनिटं देतो, जास्त नाही."
तिच्या वहीत कुणी कुणाला उचलायचं ते लिहिलेलं.
ओफेलियाला तिचा जावई.
जुळ्यांना शाळेच्या बाई.
आंधळ्या रेमिहिओला मी.
"मावशी, सायरन आहे की," मी म्हणायचो.
"त्याला पाठ आहे का रेमिहिओला घ्यायला?"

त्याच उन्हाळ्यात टेकडीच्या पायवाटेवर मी तार ओढली.
बटाट्याला गुरं लागत होती.
दोन पदरी, काटेरी. कुणाला विचारलं नाही,
आणि मला कुणी विचारलं नाही.

पहाटे तीनला जमीन हलली.
आधी बशा, मग भिंत, मग कुत्रे.
थांबली तेव्हा आम्ही सगळे बाहेर येऊन
वर बघत उभे होतो, खांबाकडे.
चार मिनिटं.
चौदातली चार.

मग अंधारात कुणीतरी पातेलं बडवत निघालं,
चालीवरून कळलं कोण.

रेमिहिओला पाठीवर घेऊन मी चढलो
आणि माझ्याच तारेला अडलो.
मागे अख्खं गाव धापा टाकत.
पक्कड घरी, खुंटीला.
हातांनीच ओढली, खुंटासकट.
रेमिहिओ कानाशी म्हणाला, "कुणी रे घातली ही?"
मी म्हणालो, "घट्ट धर."

ओफेलियाचा जावई त्या रात्री शहरात होता.
वहीत त्याच्यापुढे दुसरं नाव नव्हतं.
समुद्र आला, बोलल्याप्रमाणे.

एप्रिलात साहेब आले, पितळी पाटी घेऊन:
स्वावलंबी गाव.
"सरकारने कुठे कुठे पुरायचं?
तुम्ही जगाला दाखवून दिलंत."
एदुविहेसने पाटी उलटी करून बघितली,
बाकावर ठेवली आणि हात पुढे केला.
"किल्ली द्या."
साहेब हसले. फोटो निघाला.
फोटोत वाटतं ती काहीतरी घेतेय.

मागे मी आहे, टाळ्या वाजवताना.
उजव्या तळव्यावरची खूण फोटोत दिसत नाही.
किल्ली त्यांच्या खणात होती,
तार माझ्या हातची;
ओफेलिया दोन्हींच्या मध्ये कुठे राहिली
हे वहीत लिहिता येत नाही.

परवा गुरुवार आहे.
प्रत्येक नावापुढे आता दोन नावं आहेत.
तार गुंडाळून मी पलंगाखाली ठेवलीय,
टाकलेली नाही.
बटाट्याला गुरं अजून लागतात.