केळ्याच्या सालीची आतली बाजू

म्हापशात, बाजाराच्या मागच्या गल्लीत
वरच्या मजल्यावर माझं दुकान.
शुक्रवारी जिन्यापर्यंत चढून येतो
सुक्या बांगड्याचा वास,
आत अमोनियाचा.
दोघांचं पटतं.

अशाच एका शुक्रवारी साखळीहून
सुगंधा मळीक आली, दोन बस बदलून.
वय बावन्न. अंबाडा सोडला, म्हणाली,
"पांढरा कर. झाकू नको. दाखव."

मी शेड-कार्ड काढलं.
लेव्हल एक म्हणजे काळा. दहा म्हणजे
केळ्याच्या सालीची आतली बाजू.
हे दिल्लीच्या ट्रेनरनं शिकवलेलं;
त्याच्या डोळ्यांपुढे कुठलं केळं होतं कोण जाणे.
मी खाली जाऊन मयड्याचं एक आणलं,
सोललं, साल तिच्या मांडीवर ठेवली.
"एवढं फिकं. तिथवर जाताना
काळ्याखालचं सगळं ओलांडावं लागतं.
आधी तांबडं, मग नारिंगी,
मग पिवळं, हळद कुटलेल्या हातासारखं.
त्यावर जांभळा टोनर.
जांभळा कुठे दिसत नाही,
फक्त पिवळं निघून जातं."
तिनं केळं खाल्लं.

"याआधी काय लावलंत?"
"काही नाही. मेंदी."
कंगव्याच्या शेपटीनं मी भाग पाडत गेले.
केस महिन्याला अर्धं पेर वाढतो,
म्हणजे टोकाशी होती पाच वर्षांपूर्वीची सुगंधा.
खांद्याजवळ एक पट्टी, शाईसारखी,
आठ-नऊ बोटं रुंद.
त्या वर्षी दर महिन्याला, न चुकता,
मुळांना काहीतरी लागत होतं
आणि मग एकदम थांबलं.
मी विचारलं नाही.
तिनं आरशातून पाहिलं की मी विचारलं नाही.

कानामागची बट कापली, काडीएवढी.
ब्लीच कालवलं, वीस व्हॉल्यूम, फॉइलची घडी.
चार मिनिटांत फॉइल तापलं
चहाच्या पेल्यासारखं. उघडलं तर वाफ.
"पाणी कुठलं वापरता?"
"विहीर खाणीनं आटवली. आता टँकर.
त्याच खाणीच्या खड्ड्यातलं भरून आणतात."
बादलीच्या बुडाशी तांबडं बसतं, म्हणाली,
कपड्यांवर चढतं, डाळीत उतरतं.
केसांतही बसलं असेल
हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.
फॉइल तापेपर्यंत माझ्याही.

माझे बाबा पेडण्याचे न्हावी, तिथे म्हालो म्हणतात.
जत्रेच्या नाटकाला विशीतल्या पोराला
झिंक पावडर चोळून दहा मिनिटांत म्हातारा करायचे.
पहाटे तोच पोर डोकं धुऊन
विडी मागायला यायचा, काळाभोर.
ते सोपं होतं. पांढरं वरून लावायचं होतं.

"आज नाही," मी म्हटलं.
"आज केलं तर केस तुटून हातात येतील.
आधी लोखंड काढायचं, तीन-चार धुण्यांत.
मग दर दोन महिन्यांनी थोडं थोडं,
विणल्यासारख्या बारीक बटा,
मुळाशी सावली ठेवून. वर्ष लागेल."
तिनं घड्याळ पाहिलं, मग पैसे काढले.
मी घेतले नाहीत. ते तिला आवडलं नाही.
"दोन बस," ती म्हणाली,
मला की आरशाला, कळलं नाही.

फॉइलमधली बट धुऊन मी तिच्या हातावर ठेवली.
अर्धी करपलेली, अर्धी पिवळी,
आणि मधे चार-पाच केस
कशानंच न शिवलेले, होते तसे पांढरे.
ते तिनं खिडकीकडे धरले,
सालीला लावून पाहिले.
"दहाच्या पुढं काय असतं?"
माझं कार्ड दहालाच संपत होतं.

येतानाच्या तिकिटात बट गुंडाळून
ती जिना उतरली. पुन्हा येते म्हणाली नाही,
पण दुकानाचा नंबर भिंतीवरून
ओठ हलवत वाचून गेली.

साल काउंटरवरच राहिली.
रात्री दिवे मालवताना पाहिलं,
तोवर ती लेव्हल दोनवर आली होती.