सियागंजची पेटी

छत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन,
त्यामुळे बाईंनी पडद्यावर
माझ्या मुलीच्या मेंदूचं चित्र लावलं
तेव्हा मी आधी जोडण्याच पाहिल्या.

डोक्याला एकवीस तारा चिकटवून
दोन दिवस तिला एम.वाय.मध्ये कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं.
झटका आला. चार मिनिटं. पलंग भिंतीवर आपटत होता.
हातपायांची खरखर सोडली
तर रेघा मात्र उन्हाळ्यातल्या खान नदीसारख्या, सुस्त.

‘मिरगी नाही ही,’ बाई म्हणाल्या.
बाहेर बाकावर माझी बहीण लगेच, ‘म्हणजे नाटकंच की.’
ऋजुता तिथेच होती, चपला शोधत.

दुसरं चित्र रंगीत, दुसऱ्याच कुणाचं, पुस्तकातलं.
‘भीती जिथे राहते आणि हात जिथून हलतो
त्या दोन जागा काही जणांत जरा जास्तच बोलतात,
मधल्या माणसाला न विचारता.
आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही.’

मलाही नाही कळलं. एक आठवलं फक्त.
सत्त्याऐंशीत सियागंजच्या पेटीत पाणी शिरलं
आणि एका किराणा व्यापाऱ्याचा फोन
लोधीपुऱ्यात बाळंतिणीच्या उशाशी वाजायला लागला.
रात्री-अपरात्री. हळदीचा भाव काय?
साहेब म्हणाले, लाइन टेस्ट केली, ओके आहे.
खरंच, तार कुठेच तुटलेली नव्हती.
पण घंटी खरी होती.

दोन दिवस पेटीपुढे उकिडवा बसून
एकेक जोडी सुटी केली, मेणबत्तीवर वाळवली.
इथे उघडायला झाकण नाही.
दर गुरुवारी तीन वाजता बोलायला या,
एवढंच लिहून दिलंय.

पहिल्या वर्षी मीही तिच्या नाकाला कांदा लावला होता.
एकदा चप्पल.

आता घड्याळ पाहतो, उशी सरकवतो,
शिलाईमशीन ओढून लांब करतो
आणि खांबावरून बोलायचो तसा बोलत राहतो,
हॅलो, टेस्टिंग, हॅलो, रामबागेतून बोलतोय.
पुढे काही सुचलं नाही की सियागंजचीच गोष्ट,
कधी अर्धी, कधी दोनदा.

काल शांत झाल्यावर तिनं पाणी मागितलं.
‘तेव्हा ऐकू येतं का गं तुला?’
‘येतं की.’
‘आत्या म्हणाली ते?’
‘तेही.’
चपलेचं विचारायला मी तोंड उघडलं
तर पेला माझ्या हातात देत तीच म्हणाली,
बाबा, त्या बाळंतिणीचा फोन
शेवटी झाला का नीट?