अर्धा आटा

आमच्या डोंगरावर पाणी सोमवारी रात्री येतं.
कधी अकराला, कधी दीडला,
कधी आधी नुसतीच हवा येते पाईपमधून
आणि मीटर खोटंखोटं फिरवून जाते.
अम्मानच्या जुलैत ह्या एका रात्रीवर
आठवडा काढायचा असतो.

म्हणून रविवारी मला फुरसत नसते.
टाक्या रिकाम्या असतात तेव्हाच धुवायच्या,
तळाचा गाळ वाटीने उपसायचा,
तरंगता चेंडू हलवून बघायचा,
वर जातो का, खाली येतो का,
की रुसून बसलाय कोपऱ्यात जावयासारखा.
वायसर उन्हाने बिस्किटासारखे तुटतात.
प्लास्टिकची तोटी पिळली की हातात येते.
भर दुपारी गार पाण्याच्या नळाला
चहाचं आधण येतं.

नवरे आखातात, मुलगे कामावर,
आणि परका पुरुष न्हाणीघरात नको,
म्हणून लोक मला बोलावतात.
शिकायला लागले तेव्हा जाऊ म्हणाली,
आता लोकांचे संडास उपसणार का?
हल्ली तिचं सिंक तुंबलं की फोन येतो,
‘तुला वेळ असेल तर.’
वेळ असला तरी मी लगेच जात नाही.

बदीआ खाला तिसऱ्या मजल्यावर, एकटी.
छोटी पत्र्याची टाकी, माणूस एक,
तरी रविवारी सकाळी खडखडाट.
“खाला, एवढं पाणी जातं तरी कुठे?”
गच्चीवर गेले.
पाना इतका तापला की फडक्यात धरला.
टाकीतून निघणाऱ्या पाईपचा जोड गळत होता,
थेंबामागे थेंब, न थकता,
आणि खाली, कठड्याच्या भेगेत,
वीतभर अंजीर.
पाच पानं. सहावं अजून मुठीत.

खाला मागोमाग आली, धापा टाकत.
“हे कुणी लावलं नाही,” म्हणाली.
“आपलं आपण आलं. मला वाटलं, बरकत.”
बरकत नाही खाला, सडलेला जोड आहे.
दिवसाला पाच लिटर. मी बोटं मोडून दाखवली.
तुझ्या आठवड्यातला एक दिवस
हे झाड पितं.

ती झाडाकडे बघत राहिली.
मीच म्हटलं, तांदळाचं धुवण घाल त्याला.
“त्याने फरशी पुसते.”
भाजीचं?
“संडासात.”
वुजूचं?
“ते खालच्या पुदिन्याला. तरी मेला बिचारा.”
त्या घरात एकही पाणी बिनकामाचं नव्हतं.

मी जोड उघडला. नवा पितळी नट,
टेपचे सात वेढे, आणि आवळला.
खाली कोरडा कागद धरून दहा मिनिटं बसले.
कागद कोरडाच राहिला.
एरवी मला ह्याचा आनंद होतो.
तीन दिनार तिने मोजून दिले,
वर वेलदोड्याची कॉफी.
शेवटच्या बादलीतली असणार.
मी तळापर्यंत प्यायले, गाळासकट.

ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावणं आलं,
गळतीचं नव्हे, शॉवरला क्षार धरला म्हणून.
तो व्हिनेगरमध्ये टाकला आणि सहज गच्चीवर गेले.
अंजिराला नऊ पानं.
पितळी नटावर ओरखडे,
पान्याचे नव्हेत. पान्याच्या खुणा मी ओळखते.
स्वयंपाकघरातल्या सांडशीचे.
नट सैल केला होता, अर्धा आटा,
त्याहून केसभरही जास्त नाही.
घड्याळ लावून मोजलं.
मिनिटाला चार थेंब.
इतकं नेमकं सोडणं
मलाही जमलं नसतं.

“जोड कसा आहे गं?”
जिन्यातून आवाज आला, जरा जास्तच मोठा.
“घट्ट आहे,” मी म्हटलं,
आणि पाना दोनदा पाईपवर आपटला,
काम केल्यासारखा.