हजेरी

बाईंचं नाव एस्तेर गवई.
बाशीमच्या मिशन शाळेत शिकलेल्या.
आमच्या गावी आल्या तेव्हा सोबत
पत्र्याची एक पेटी, कंदील,
आणि चालणं असं
की बैलं आपसूक बाजूला व्हायची.

गाव म्हणे, ही बाई लढाईत होती.
कोणत्या? तर आरमाराच्या.
चक्कीवर पिठासोबत हसू उडालं.
आमच्या अडाण नदीत म्हैस बसली
तर पाठ कोरडी राहते,
त्या मुलखात आरमार!

आम्ही विचारायचो, बाई, जहाज केवढं असते?
बाई म्हणत, बोटाएवढं.
खोटं नव्हत्या बोलत.
मुंबईला, गोदीजवळच्या तळघरात
समुद्र टेबलावर पसरलेला,
त्यावर लाकडाची जहाजं,
तारेवर आकडे येतील तशी
लांब काठीनं सरकवायची.
आठ तासांची पाळी. पांढरी साडी,
खांद्यावर निळी पट्टी, पायात बूट,
आणि बूट काढल्यावरही बुटाचाच पाय.

त्याआधी तीन महिने शिकवणी.
पहाटे कवायत, मग लांब-आखूड, लांब-आखूड,
झोपेतही बोट उशीवर चालायचं.
शेजारच्या खाटेवरची कूर्गची पोरगी ओरडायची,
एस्तेर, बातमी उद्या सांग, झोपू दे!
हातांनी बोलायची झेंड्यांची अक्षरं.
दोराच्या गाठी, सात प्रकारच्या.
तोंडाला मारायची, ती आठवी.

खरा समुद्र पाहिला का, बाई?
एकदा. रविवार होता.
धुण्याच्या पाण्यावाणी मळका.

शाळेच्या विहिरीचा दोर नेहमी निसटायचा.
बाईंनी बांधला, मग निसटला नाही.
तो बांधतानाच कधीतरी म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, बादलीच्या कडीला सांगावं तसं:
एका रात्री एका जहाजाचा आकडा आला नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
वरची अधिकारी म्हणाली, काढा ते.
मी काठीनं ओढलं, तबकात टाकलं.
टक्‌ वाजलं.
एकशे चाळीस माणसं होती, गोकर्णा.
मग चहा आला.

मी चौथीत.
वेचणी लागली, बाप म्हणाला, पुरे झालं शिक्षण.
पाटी कोनाड्यात गेली,
मी नदीपल्याड देशमुखाच्या वावरात,
कमरेला ओटी, बोटांना बोंडाची टोकं.

तपासनीस आला. हजेरीपटावर बोट ठेवलं.
ही पोरगी दोन महिने गैरहजर. नाव खोडा.
बाई म्हणाल्या, नाही.
नाही म्हणजे?
दिसत नाही एवढंच, साहेब.
साहेबानं लाल शाईनं शेरा मारला,
बाईंची वेतनवाढ थांबली. दोन वर्षं.

बाईंनी मग आम्हा पाच-सहा पोरींसाठी
इंग्रजी झेंड्यांवर मराठी अक्षरं बसवली होती.
काना मावला, वेलांट्या काही मावेनात.
बाई म्हणायच्या, त्या बुडाल्या, जाऊ दे.

अकराच्या सुमाराला
पल्याडच्या काठावर, शाळेच्या पायरीवर
बाई उभ्या राहायच्या, हातात फळा पुसायची दोन फडकी.
डावा वर. उजवा आडवा.
गो.
मग क.
मग र, ण, आणि शेवटी काना, जरा जास्तच लांब.

मी ओटी सोडून उभी राहायची,
कापसाने भरलेले दोन्ही हात उचलायची.
ह. ज. र.

शेजारच्या तासातून माय ओरडली,
काय वं, माशा हाकलून राह्यली का?
हो म्हटलं.
आठवी गाठ मला तेवढ्यात आली होती.

त्या दिवशी माझा कापूस
दोन शेर कमी भरला.