अंगुस्तान

दर गुरुवारी दहा ते एक, बिनपगारी,
कप्तानाच्या घराची किल्ली माझ्या खिशात असते.
त्याआधी तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी होतो;
तिथं बोलावं लागत नसे.

“डोकं सांभाळा,” म्हणतो, दार बुटकं आहे.
मग निळ्या फरशा, कपाटातला पलंग,
खिडकीत चिनीमातीचे दोन कुत्रे:
धनी उत्तर समुद्रावर असला की तोंडं बाहेर,
परतला की आत.

एकदा वादळात एकच बाई आली, ओलीचिंब.
म्हणाली, आणि त्याची बायको?
पत्रकात तिचं नुसतं नाव होतं,
मारेन, आणि दोन तारखा.
मी चौकटीतल्या खळग्यावर बोट ठेवलं.
म्हणालो, वाट बघताना
ती इथं अंगुस्तान आपटत बसायची.

कुठून सुचलं, देव जाणे.

आता सोमवारची बोडिलही तेच सांगते,
वर अंगुस्तान चांदीचं होतं म्हणते.
नव्या पत्रकात छापून आलंय, पान चार.
शाळेची पोरं रांगेनं खळग्यात बोट घालतात.
खळगा खोल होत चाललाय.

ऑक्टोबरच्या बैठकीत सांगून टाकीन म्हणतो.
मार्चातही हेच म्हणालो होतो.