बावन्नाव्या पानापर्यंत

ऑर्कनीच्या बेटांवर फिरतं वाचनालय चालवते मी,
थोरा फ्लेट, वय एकोणसाठ, डाव्या गुडघ्यात कायमचा वारा.
मागे तीन हजार पुस्तकं, पुढे एक हीटर, एक किटली.
फेरी चुकली की अख्खा दिवस चुकतो.

कसं जगावं, कसा विचार करावा, काम कसं उरकावं,
अशी पुस्तकं दाराजवळच्या फळीवर.
सगळ्यात जास्त तीच जातात
आणि सगळ्यात कमी वाचून परत येतात.
हे मला कुणी सांगत नाही.
खुणा सांगतात.

माणसं आत काहीबाही विसरतात:
फेरीचं तिकीट, लोकरीचा धागा,
बटाट्याच्या बियाण्याची पावती,
एकदा तर फुलमार पक्ष्याचं पीस,
माशाचा वास अजून न गेलेलं.
वाचणं जिथे थांबलं तिथेच खूण राहते,
बहुतेक वेळा पान बावन्नच्या अलीकडे.

पहाटे पाचला उठायचं पुस्तक
जेसी-ॲन रेंडलनं नेलं. खूण सतराव्या पानावर.
तिच्या गाई चारलाच हंबरतात.
परत देताना म्हणाली,
"हा माणूस फार उशिरा उठतो गं."

'नाही' म्हणायला शिकवणारं पुस्तक
चार वर्षं मॅन्सी लिंकलेटरकडून आलंच नाही.
शेजारणीनं मागितलं, तिच्याकडून भावानं,
भावाकडून पाद्रीबाबांनी,
आणि मॅन्सी कुणालाच नाही म्हणू शकला नाही.
मी दंड माफ केला.
मला तरी कुठे म्हणता येतं?

एकाग्रतेवरचा जाडजूड ग्रंथ
जेफ ड्रीव्हरनं खिडकीला टेकू म्हणून लावला.
"काही उपयोग झाला का?"
"तर! आता खिडकी आपटत नाही.
दुपारभर खेकड्यांचे पिंजरे विणतो,
मान वर होत नाही."

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात
मी फक्त तेवढंच पान वाचते, जिथे कुणीतरी थांबलेलं असतं.
वेळ काढतो आपण, घालवतो, मारून नेतो,
आणि त्याच वेळेवर लिहिलेलं पुस्तक
सोळाव्या पानावर मिटून ठेवतो,
कारण दूध उतू जातं.
त्यात चूक काय आहे?
दूध खरंच उतू जात होतं.

गेल्या नोव्हेंबरात सिगर्ड हॅरकस आला,
टोपी हातात. बायकोचं पुस्तक परत करायला.
सवयींवरचं. तीन आठवडे उशीर.
मेरनला जाऊनही तीनच आठवडे झालेले.
आत तिच्या अक्षरातली चिठ्ठी:
मीठ. मेणबत्त्या. सिगर्डला चालायला ने.
पान बावन्न.

मी ते फळीवर ठेवायला वळले
तर म्हणाला, "मुदत वाढवता येईल का?
तिच्याच नावावर."
नियमानं तिचं कार्ड बंद करायला हवं होतं.
मी शिक्का मारला.

दर तिसऱ्या मंगळवारी तो येतो, मी शिक्का मारते.
दोघंही त्यावर काही बोलत नाही.
फक्त एकदा, तो बूट झटकत असताना,
मी हळूच उघडून पाहिलं.
चिठ्ठी चोपन्नाव्या पानावर होती.
पुढच्या खेपेला सत्तावन्न.
मग एकदा पुन्हा बावन्न,
तो महिना वाईट गेला असणार.

काल त्रेसष्ट.
बुटांना खाडीकाठचा ओला चिखल.
"चालत आलो," म्हणाला, "दोन मैल.
आणि यात लिहिलंय की चहा पिताना
फक्त चहाच प्यावा, दुसरं काही करू नये."

मी किटली लावली.
बाहेर वारा गाडी हलवत होता, फेरी तासभर उशिरा.
आम्ही चहा पिताना बोलत राहिलो
मेंढ्यांबद्दल, डिझेलच्या भावाबद्दल,
मेरननं शिवायला घेतलेल्या
आणि अर्धवट राहिलेल्या पडद्याबद्दल.
चहा गार झाला.
मी दुसरा केला.