दुसऱ्यांदा एक वाजतो

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, हल.
रात्री दोनला घड्याळं तासभर मागे गेलेली.
हंबरवरून आलेला वारा
खिडकीच्या फटीत बिनबोलावता बसलेला,
आणि मासळीच्या शीतगृहातून फोन :
चार नंबरच्या खोलीचं तापमान
अर्धा तास कळतच नाहीये, लव्ह.

पडद्यावर
०१:५८ उणे एकवीस
०१:५९ उणे एकवीस
पुढे काही नाही.
लॉग उघडला. कोरा.
घरात सगळं आलबेल असल्यासारखा.

हा लॉगर कीथ ऑल्ड्रिजचा.
आधीचा होता चाळीस फायलींचा,
जावयासारखा दर अपडेटला मान मागणारा.
तो काढून कीथनं शंभर ओळी लिहिल्या,
कुणावर अवलंबून नसलेल्या.
नोंद ठेवायला फौज कशाला, म्हणायचा,
आणि चहात बुडवलेलं बिस्किट विसरायचा.
आता विदर्नसीला असतो, बीट लावतो,
मेलला उत्तर देत नाही.

लॉग म्हणजे मुळात ओंडका, त्यानंच सांगितलेलं.
दोरीला बांधून जहाजावरून सोडायचा,
सुटलेल्या गाठी मोजायच्या, वेग वहीत.
बंदरातला माणूस. कुठलीही गोष्ट
शेवटी पाण्यात नेऊन सोडायचा.

मला मात्र पातळी म्हटलं की
सांगलीचा आयर्विन पूल दिसतो.
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका.
त्याच्या खाली नदी काय पुटपुटते
ते कोण लिहून ठेवतं?
एकोणचाळीसवर भावाचा फोन आला होता,
"अजून इशाऱ्याला टेकलं नाही गं."
मागे जिन्यावरून फ्रिज चढवल्याचा आवाज.

आमचीही पातळी इशाऱ्यावर ठेवलेली.
त्याखालचं म्हटलं जायचं,
उमटायचं नाही.
मी एक शब्द बदलला,
सगळ्यात खालची पातळी लावली,
आणि भराभरा बोलू लागला
नऊ वर्षांपूर्वीचा कीथ :
खोली चार, वाचन आलं.
इथवर आलो.
इथवरही आलो.
वाचन मागच्या वेळेचं दिसतंय, टाकून देतो.
असं कधी होणार नाही म्हणा.

झालं होतं ना.
एकोणसाठनंतर पुन्हा एक वाजला,
ताजं तापमान शिळं ठरलं
आणि दर मिनिटाला अगदी नम्रपणे
फेकलं जात राहिलं.
दोन वाजता आपोआप सुटलंही असतं,
मासळीला पत्ता लागला नसता.

स्थानिक वेळ काढून ग्रीनिचची घातली.
एवढीच दुरुस्ती.
पातळी परत वर न्यायची होती, डिस्क भरते.
नेली नाही. सकाळपर्यंत असू दे.
कीथच्या ओळीखाली माझी एक टाकली :

०१:४७, दुसऱ्यांदा.
इथवर आले.
खोली चारचं दार बंद आहे. वारा चालू.